जिवंत उंदरात जीवाणूंचा माग: लक्स जीवदीप्तीने चित्रण, पहिल्यापासून

संसर्ग शरीरात कुठे आहे आणि किती वाढला आहे हे पाहायची जुनी रीत सरळ आहे. ठरलेल्या दिवशी काही उंदीर मारायचे, अवयव वाटायचे, प्लेटवर पसरायचे आणि कॉलन्या (एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके) मोजायच्या. आकडा पक्का मिळतो, पण दर दिवसाचा उंदीर वेगळा असतो. तिसऱ्या दिवशी ज्याचं यकृत जीवाणूंनी भरलेलं दिसलं, तो सातव्या दिवशी बरा झाला असता की मेला असता, हे कळायला मार्ग नसतो. १९९५ मध्ये स्टॅनफर्डला क्रिस्टोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी लक्स नावाच्या जनुकांमुळे स्वतः प्रकाश देणारे साल्मोनेला जीवाणू उंदरांना दिले आणि तो प्रकाश कातडीबाहेरून कॅमेऱ्याने टिपला. तेव्हापासून एकाच उंदराला रोज पाहता येऊ लागलं आणि प्रयोगाला उंदीरही कमी लागू लागले.

तंत्र शिकायला फार अवघड नाही. अवघड आहे ते चित्राचा अर्थ लावणं. पडद्यावरच्या लाल-पिवळ्या डागाला नवखे लोक सरळ ‘इतके जीवाणू’ म्हणून वाचतात आणि तिथेच फसतात. म्हणून प्रकाश कशावर अवलंबून असतो ते आधी पाहू, मग पायऱ्या.

प्रकाश कशाने होतो

जीवाणूंमधलं ल्युसिफरेज हे एन्झाइम तीन गोष्टी वापरतं: क्षपण झालेलं फ्लेविन (एफएमएनएच२), ऑक्सिजन आणि लांब साखळीचं अल्डिहाइड. त्यातून स्निग्धाम्ल तयार होतं आणि साधारण ४९० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश निघतो. लक्स-ए आणि लक्स-बी ही जनुकं ल्युसिफरेजचे दोन भाग बनवतात. लक्स-सी, डी आणि ई ही अल्डिहाइड बनवणारी यंत्रणा पुरवतात. पाचही एकत्र बसवली की जीवाणू आपला आपण चमकतो, बाहेरून काही टोचावं लागत नाही. काजव्याचं ल्युसिफरेज वापरलं तर दर वेळी ल्युसिफेरिन द्यावं लागतं (सहसा किलोला १५० मिलीग्रॅम), आणि ते शरीरात पसरून प्रकाश शिखरावर येईपर्यंत थांबावं लागतं. फक्त लक्स-एबी बसवून बाहेरून डेकॅनल देण्याची युक्ती नळीत चालते, प्राण्यात ती विषारी ठरते.

म्हणजे प्रकाशाच्या आकड्यात चार गोष्टी मिसळलेल्या असतात: जीवाणू किती आहेत, त्यांना ऑक्सिजन मिळतो का, त्यांच्या अंगात ऊर्जा आहे का, आणि त्यांच्या व कॅमेऱ्याच्या मध्ये किती मांस आहे. यातली एक बदलली तरी आकडा बदलतो.

ऑक्सिजनचा मुद्दा डोळ्यांनी पाहून घ्यावा. लक्स जीवाणूंचं रात्रभर वाढवलेलं कल्चर नळीत घ्या, अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं बसून डोळे सरावू द्या आणि नळी न हलवता बघा. दाट कल्चर असेल तर काही मिनिटांत खालचा भाग काळा पडतो आणि वर, हवेला लागून, निळसर कडं तेवढं उरतं. नळी जोरात हलवा, पूर्ण नळी उजळते. ठेवून दिली की पुन्हा मावळते. जीवाणू तेवढेच आहेत, त्यांनी ऑक्सिजन संपवला इतकंच. उंदराच्या आतड्यात नेमकं हेच घडतं.

पायरी १: जीवाणू आणि लक्स निवडणं

लक्स जनुकं समुद्रातल्या व्हिब्रिओंमध्येही असतात, पण त्यांचं ल्युसिफरेज ३७ °से. ला टिकत नाही. सस्तन प्राण्यांसाठी फोटोरॅब्डस ल्युमिनेसन्सचा लक्स-सीडीएबीई ऑपेरॉन (एकत्र चालू होणाऱ्या जनुकांचा संच) घ्यावा, तो शरीराच्या तापमानाला नीट काम करतो. स्टॅफिलोकॉकस किंवा न्यूमोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंत मूळ ऑपेरॉन जवळजवळ चमकत नाही, कारण त्यातल्या रायबोसोम बसण्याच्या जागा त्यांना ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी जनुकांचा क्रम बदलून आणि प्रत्येकापुढे योग्य जागा घालून तयार केलेला लक्स-एबीसीडीई संच वापरतात. २०१८ मध्ये आलेला आयलक्स हा सुधारलेला संच मूळ संचापेक्षा बराच उजळ आहे. एकेकटी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल तर तो लागतो, पहिल्या प्रयोगाला नाही.

दोन प्रकारच्या जीवाणूंवर वेळ घालवू नका. बॅक्टेरॉइड्स किंवा क्लोस्ट्रिडियमसारखे ऑक्सिजन न चालणारे जीवाणू लक्सने दाखवता येत नाहीत. आणि जे जीवाणू शरीरात बराच काळ सुप्त राहतात, ते सुप्त असताना दिसतील अशी आशा ठेवू नका.

शिकण्यासाठी सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम उत्तम. तो उंदराच्या आतड्याचा रोगकारक आहे, माणसाला सहसा काही करत नाही, आणि त्याची आयसीसी१८० ही लक्स असलेली जात संशोधकांत वर्षानुवर्षं वापरात आहे. तयार जात मिळत असेल तर पुढची पायरी सोडून थेट तिसरीवर जा. नवख्याने एकाच वेळी नवी जात बनवणं आणि नवा प्राणी हाताळणं या दोन्ही गोष्टी अंगावर घेऊ नयेत.

प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) कायम चालू राहणारा घ्या. रोगकारक जनुकाच्या प्रमोटरमागे लक्स लावलं तर चित्र ‘जीवाणू कुठे आहेत’ हे सांगत नाही, ‘ते जनुक कुठे चालू आहे’ हे सांगतं. तो प्रयोगही सुंदर असतो, पण नंतरचा.

पायरी २: लक्स आत घालणं

प्लाझमिडवर (गुणसूत्रापासून वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यावर) की गुणसूत्रात? प्लाझमिडच्या एका पेशीत अनेक प्रती असतात, म्हणून प्रकाश जास्त. पण उंदराच्या पोटात प्रतिजैविकाचा दाब नसतो आणि जीवाणू ते ओझं टाकून देतात. तीन दिवसांनी प्रकाश गेला तर संसर्ग बरा झाला की प्लाझमिड गळलं, हे चित्रावरून सांगता येत नाही. एक-दोन दिवसांच्या प्रयोगापलीकडे लक्स गुणसूत्रातच हवं.

गुणसूत्रात बसवायला मिनी-टीएन७ (गुणसूत्रात शिरू शकणारा डीएनएचा तुकडा) सोयीचं पडतं. ते बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंत जीएलएमएस जनुकाच्या लगेच पुढच्या ठरलेल्या जागी बसतं, त्यामुळे कामाचं जनुक तुटण्याची भीती फारशी नसते. मिनी-टीएन५ कुठेही बसतं. त्याचा फायदा असा की शेकडो कॉलन्यांतून सर्वांत उजळ निवडता येते. तोटा असा की ती कुठल्या जनुकात घुसली आहे हे सीक्वेन्सिंग करून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इलेक्ट्रोपोरेशनची, म्हणजे विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घालायची, साधी रीत, ई. कोलायसारख्या जीवाणूंसाठी:

१. ५० मिली एलबी माध्यमात कल्चर ओडी६०० (६०० नॅनोमीटरला मोजलेला गढूळपणा) ०.४ ते ०.६ पर्यंत वाढवा आणि १५ मिनिटं बर्फात ठेवा.
२. ४ °से. ला सेंट्रिफ्यूज करून थंडगार १० टक्के ग्लिसरॉलने तीनदा धुवा. शेवटी ०.५ मिली ग्लिसरॉलमध्ये मिसळा.
३. ५० मायक्रोलिटर पेशींत सुमारे १०० नॅनोग्रॅम डीएनए घाला. मिनी-टीएन७ असेल तर टीएनएस जनुकं असलेलं मदतनीस प्लाझमिडही सोबत लागतं. डीएनएचं आकारमान २ मायक्रोलिटरच्या आत ठेवा.
४. ०.१ सेंमीच्या थंड क्युव्हेटमध्ये १.८ किलोव्होल्ट, २५ मायक्रोफॅरड, २०० ओहम. टाइम कॉन्स्टंट ४ ते ५ मिलिसेकंद आला तर ठीक.
५. लगेच १ मिली कोमट एसओसी (पोषक माध्यम) घालून ३७ °से. ला तासभर हलवत ठेवा, मग प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरा (कॅनामायसिन असेल तर मिलीला ५० मायक्रोग्रॅम).

‘फट्’ असा आवाज आला तर तो नमुना गेला. बहुतेकदा डीएनएमध्ये मीठ राहिलेलं असतं, नाहीतर क्युव्हेटच्या बाहेर ओल किंवा आत बुडबुडा असतो. आवाज न येता टाइम कॉन्स्टंट ३ च्या खाली गेला तरी कारण मीठच; पेशी पुन्हा धुवा.

निवडीसाठी प्रतिरोधाचं जनुक ठरवताना पुढचा विचार करा. ज्या औषधाचा परिणाम नंतर तपासायचा आहे, त्याच गटाचा प्रतिरोध आत घातला तर तो प्रयोग सुरू होण्याआधीच संपला.

पायरी ३: नळीतली परीक्षा

ही पायरी लोक घाईने उरकतात आणि मग महिनाभराचं काम वाया जातं. चार गोष्टी तपासायच्या.

वाढ: मूळ जात आणि लक्स जात शेजारीशेजारी वाढवा, दर अर्ध्या तासाने ओडी घ्या. दोन्ही वक्र एकावर एक बसायला हवेत. प्रकाश करायला ऊर्जा लागते, त्यामुळे किंचित फरक पडू शकतो. पण लक्स जात उघड मागे पडत असेल तर दुसरी कॉलनी घ्या.

प्रकाश आणि संख्या: वाढीच्या मध्यावरचं कल्चर घ्या, दहापटीने विरल करत जा, काळ्या ९६-वेल प्लेटमध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर घालून प्रकाश मोजा आणि त्याच नळ्यांतून आगार प्लेटवरही पसरा. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन आलेख काढला की सरळ रेष यावी आणि तिचा चढ १ च्या आसपास असावा. वरच्या टोकाला रेष वाकली तर तिथे ऑक्सिजन अपुरा पडतोय. खालच्या टोकाला सपाट झाली तर तुम्ही नुसत्या माध्यमाचा पार्श्वप्रकाश मोजताय. पांढऱ्या प्लेटमध्ये प्रकाश जास्त मिळतो, पण शेजारच्या वेलमध्येही सांडतो आणि खोलीतल्या दिव्याखाली राहिलेली पांढरी प्लेट स्वतःही थोडा वेळ चमकते. पांढरी वापरलीच तर पाच मिनिटं अंधारात ठेवून मगच मोजा.

टिकाव: प्रतिजैविक न घालता रोज १:१००० विरल करून पाच दिवस वाढवा. एका दिवसात साधारण दहा पिढ्या होतात, म्हणजे एकूण पन्नास. शेवटी साध्या प्लेटवर शंभरेक कॉलन्या घ्या आणि अंधारात किंवा कॅमेऱ्याखाली न चमकणाऱ्या मोजा. गुणसूत्रातल्या लक्ससाठी हा आकडा शून्य हवा.

रोगकारकता: मूळ जात आणि लक्स जात सारख्या प्रमाणात मिसळून प्राण्याला द्या आणि काही दिवसांनी दोघींचं प्रमाण पुन्हा मोजा. एकट्याने दिल्यावर लक्स जात मूळ जातीसारखीच वाटते. स्पर्धेत घातल्यावरच तिची छोटी कमजोरी उघडी पडते. ती असली तरी जात टाकून द्यायची गरज नसते, मात्र ती माहीत हवी.

पायरी ४: उंदराआधी अळी

मेणपतंगाच्या, म्हणजे गॅलेरियाच्या, अळ्यांवर हात बसवणं शहाणपणाचं. त्या ३७ °से. ला राहतात, टोचायला सोप्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी कीटकांसाठी पृष्ठवंशी प्राण्यांइतकी परवानगीची प्रक्रिया लागत नाही.

२०० ते ३०० मिलीग्रॅमच्या, फिकट पिवळसर, अंगावर काळे ठिपके नसलेल्या अळ्या निवडा. एका गटात दहा. मागच्या डाव्या मऊ पायातून सूक्ष्म सिरिंजने १० मायक्रोलिटर टोचा. एका गटाला नुसतं पीबीएस (पेशींना न दुखवणारं मीठ-फॉस्फेटचं द्रावण) टोचा. त्यातल्या अळ्या मेल्या तर दोष जीवाणूंचा नाही, सुईचा किंवा हाताचा आहे. अंधारात ३७ °से. ला ठेवा आणि ठरावीक वेळाने चित्र घ्या.

इथे एक गंमत आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. संसर्ग वाढला की अळी मेलॅनिन बनवते आणि काळी पडते. मेलॅनिन प्रकाश गिळतं. त्यामुळे जीवाणू वाढत असताना बाहेरचा प्रकाश कमी होऊ शकतो. अळी वाटून, प्लेटवर पसरून बघितलं की खरं काय ते कळतं.

पायरी ५: उंदीर तयार करणं

प्राणी-नैतिकता समिती आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठीची जैवसुरक्षा समिती, दोन्हींची लेखी मान्यता आधी. अर्जात चित्रणाच्या वेळा, भूल किती वेळा देणार, आणि प्राणी किती आजारी झाला की थांबवणार (किती टक्के वजन घटलं, कशी हालचाल दिसली) हे सगळं लिहावं लागतं. चित्र सुंदर येतंय म्हणून थांबायची मर्यादा ओलांडायची नसते.

रंग: काळे केस आणि रंगद्रव्य असलेली कातडी प्रकाश गिळतात. पांढरे बाल्ब/सी किंवा पांढऱ्या रंगाचे सी५७ब्लॅक/६ (ही प्रयोगशाळेतल्या उंदरांची दोन कुळं) मिळाले तर ते घ्या. काळेच वापरायचे असतील तर आदल्या दिवशी भूल देऊन पोटाकडचे केस काढा. केसनाशक मलम मिनिटभराहून जास्त ठेवू नका आणि कोमट पाण्याने पूर्ण पुसा, नाहीतर कातडी भाजते आणि सूज आलेल्या जागी चित्रही बदलतं. काळ्या उंदरांचे केस पुन्हा वाढू लागले की कातडीवर करड्या रंगाचे पट्टे येतात. ते पट्टे प्रकाश अडवतात आणि जीवाणूंनी जागा बदलल्याचा भास होतो.

खाद्य: अल्फाल्फा असलेल्या खाद्यात हरितद्रव्य असतं आणि त्याने पोटाचा पार्श्वप्रकाश वाढतो. प्रयोगाआधी किमान आठवडाभर अल्फाल्फा नसलेलं शुद्ध खाद्य द्या. मात्र खाद्य बदललं की आतड्यातले जीवाणूही बदलतात, म्हणून सगळ्या गटांना एकाच दिवशी बदला.

पायरी ६: मात्रा देणं

सिट्रोबॅक्टरसाठी रात्रभरचं कल्चर ४,००० जी ला दहा मिनिटं फिरवा, खाली बसलेल्या पेशी मूळच्या एक-दशांश पीबीएसमध्ये मिसळा आणि प्रत्येक उंदराला तोंडातून नळीने २०० मायक्रोलिटर द्या. २० ग्रॅमच्या उंदराला एका वेळी याहून जास्त द्रव देऊ नये. यात १०० ते ५०० कोटी जीवाणू जातात. उरलेला द्रव त्याच तासात विरल करून प्लेटवर पसरा. ओडीवरून काढलेली मात्रा हा अंदाज असतो, प्लेटवर मोजलेली मात्राच वहीत लिहायची.

मात्रा दिल्यावर लगेच एक चित्र घ्या. प्रकाश छातीत दिसला तर नळी श्वासनलिकेत गेली, तो उंदीर गटातून बाहेर. तोंडाशी आणि पुढच्या पायांवर ठिपके दिसले तर द्रव उलटून बाहेर आलाय आणि उंदराने तो चाटून अंगभर लावलाय. हे ठिपके संसर्ग नाहीत, पण दुसऱ्या दिवशीच्या चित्रात ते उगाच डोक्याला ताप देतात.

पायरी ७: कॅमेऱ्याखाली

आयव्हीआयएस किंवा तशा कोणत्याही यंत्रात मूळ भाग तेच: प्रकाश आत न येणारी काळी पेटी, खाली गरम राहणारा तक्ता, वर खूप थंड (साधारण उणे ९० °से.) ठेवलेला सीसीडी कॅमेरा. कॅमेरा ठरलेल्या तापमानाला पोचल्याची खूण दिसल्याशिवाय सुरू करू नका, गरम कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट फार असतो.

आधी रिकाम्या तक्त्याचं पाच मिनिटांचं चित्र घ्या. यात सगळं कळतं: तक्त्यावर सांडलेले जीवाणू, चमकणारी चिकटपट्टी, पांढरा कागद, शेपटीवर खूण करायची शाई. खाली अंथरायला न चमकणारा काळा कागद घ्या आणि तोही तपासूनच.

आयसोफ्लुरेन ही वायुरूप भूल ऑक्सिजनसोबत द्या: भुलेच्या पेटीत ३ टक्के, त्या पेटीतून काढल्यावर नाकावरच्या मुखवट्यातून १.५ ते २ टक्के. डोळ्यांना मलम लावा. तक्ता ३७ °से. ला हवा. उंदीर थंड पडला की रक्तप्रवाह मंदावतो, एन्झाइमही मंदावतं आणि आकडा घसरतो. भूल लागल्यापासून चित्रापर्यंतचा वेळ सगळ्यांसाठी सारखा ठेवा. असली वायुरूप भूल ल्युसिफरेजचा प्रकाश थोडा दाबते आणि खोल भुलेत श्वास मंद झाला की ऑक्सिजनही घटतो. पहिल्या उंदराला तीन मिनिटं आणि शेवटच्याला वीस, असं झालं तर गटांतला फरक भुलेचा असू शकतो.

सेटिंग: एफ/१ (भिंग पूर्ण उघडं), मध्यम बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करून मोजणं), सुरुवातीला एक मिनिट एक्स्पोजर. चित्रातल्या सर्वांत उजळ जागेचे काउंट पाहा. ६०० च्या खाली असेल तर वेळ पाच मिनिटांपर्यंत वाढवा. १६-बिट कॅमेऱ्याची कमाल ६५,५३५ असते, तिच्या जवळ गेलात तर वेळ कमी करा. कमाल गाठलेल्या चित्रातून आकडा काढता येत नाही, नंतर सॉफ्टवेअरमध्ये काहीही केलं तरी. एकच पिक्सेल झगझगीत दिसला तर तो वैश्विक किरणाचा फटका असतो, पुढच्या चित्रात नसतो.

दर चित्रात एक संसर्ग नसलेला उंदीर ठेवा. हा खर्च वाचवायचा नाही. उंदरांच्या मध्ये काळे पडदे लावा, कारण उजळ उंदराचा प्रकाश शेजाऱ्याच्या पोटावर पडतो. एकाच उंदरात एक जागा फार उजळ आणि दुसरी फिकी असेल तर उजळ जागेवर काळा कागद झाकून फिकीसाठी वेगळं लांब चित्र घ्या. आतड्यासाठी पोट वर, मूत्रपिंडासाठी पाठ वर. कोणती बाजू हे एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच.

आता खोलीबद्दल. तळहातामागे टॉर्च धरला की बोटांतून फक्त लाल प्रकाश बाहेर येतो. निळा-हिरवा हिमोग्लोबिन गिळतं, आणि लक्सचा प्रकाश नेमका त्याच पट्ट्यात आहे. ऊतीतून एक सेंटिमीटर बाहेर येताना तो साधारण दहापटीने घटतो, आणि जे बाहेर येतं ते मुख्यतः स्पेक्ट्रमच्या लाल शेपटीतलं असतं. त्यामुळे कातडीखालचे काही हजार जीवाणू दिसू शकतात, तर खोल अवयवात लाखोंनी असूनही दिसत नाहीत. यकृत आणि कातडीखालची गाठ यांच्या आकड्यांची आपसात तुलना करू नका. त्याच जागेची दिवसागणिक तुलना करा.

पायरी ८: आकडे काढणं

काउंट नोंदवू नका, ते एक्स्पोजर आणि बिनिंगबरोबर बदलतात. यंत्राने कॅलिब्रेट करून दिलेलं एकक घ्या: भागातून निघालेला एकूण प्रकाश फोटॉन प्रति सेकंदमध्ये, किंवा रेडियन्स (तोच प्रकाश, क्षेत्रफळ आणि दिशेच्या कोनामागे). मोजायच्या भागाची चौकट सगळ्या उंदरांवर, सगळ्या दिवशी एकाच मापाची. डाग छोटा दिसला म्हणून चौकट छोटी करायची नाही. संसर्ग नसलेल्या उंदरावर तीच चौकट ठेवून पार्श्वप्रकाश काढा, आणि त्याची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं यापेक्षा वर असेल तरच ‘दिसला’ म्हणा.

गट किमान पाच-सहा उंदरांचे, आकडे लॉगमध्ये, सरासरी भूमितीय. एका अतिउजळ उंदराने साधी सरासरी ओढून नेली असे आलेख पुष्कळ दिसतात.

रंगपट्टीविषयी कडक राहा. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक चित्राला वेगळी पट्टी लावतं. पहिल्या दिवशीचा लाल आणि सातव्या दिवशीचा लाल यांत शंभरपट फरक असू शकतो. सगळी चित्रं एकत्र उघडा, किमान-कमाल हाताने ठरवा आणि तीच पट्टी सर्वांना लावा.

सिट्रोबॅक्टरमध्ये काय दिसायला हवं ते माहीत असू द्या. पहिले दोन-तीन दिवस प्रकाश अंधांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीच्या) भागात राहतो, मग मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे सरकतो, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास शिखर गाठतो, आणि सी५७ब्लॅक/६ मध्ये तीन-चार आठवड्यांत नाहीसा होतो. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. चमकतात ते भिंतीला चिकटलेले, ज्यांना रक्तातून आलेला ऑक्सिजन मिळतो. म्हणून विष्ठेत कोट्यवधी जीवाणू असताना चित्र फिकं असू शकतं, आणि यात काहीही चुकलेलं नसतं. रोज ताजी विष्ठा वजन करून, ग्रॅममागे १० मिली पीबीएसमध्ये मिसळून कॅनामायसिन प्लेटवर पसरा. हे दोन आकडे दोन वेगळे प्रश्न सोडवतात.

पायरी ९: अवयव

शेवटच्या दिवशी, आणि मध्येही एक-दोन वेळा, काही उंदरांचे अवयव काढून पाहावेच लागतात. मृत्यूनंतर ऊतींतला ऑक्सिजन मिनिटांत संपतो आणि प्रकाश विझू लागतो, म्हणून सगळं मांडून ठेवा आणि दहा मिनिटांत चित्र घ्या. आतडं लांबीने उघडून हवेला लावलं की विझलेली जागा परत उजळते. चित्राआधी अवयव बर्फावर ठेवू नका. मग लगेच प्रत्येक अवयव १ मिली पीबीएसमध्ये वाटा, दहापटीने विरल करा, १०० मायक्रोलिटर पसरा आणि ३० ते ३०० कॉलन्या असलेल्या प्लेट मोजा. अवयवाचा प्रकाश एका अक्षावर, मोजलेली संख्या दुसऱ्यावर. हा आलेख तुमच्या प्रयोगातल्या बाकी सगळ्या चित्रांची किल्ली आहे.

प्रकाश गेला, पण का?

प्लेटवर कॉलन्या भरपूर आणि त्यांतल्या बऱ्याच काळ्या: लक्स गळलं. पायरी ३ मधली टिकावाची तपासणी पुन्हा.

कॉलन्या भरपूर आणि सगळ्या चमकणाऱ्या, पण उंदीर अंधारा: ऑक्सिजन किंवा खोली. अवयव उघडून पाहा. गळू झालं असेल तर त्याच्या मध्यभागी ऑक्सिजन नसतो आणि चित्रात कडेचं कडं तेवढं दिसतं.

औषध दिल्यावर तासाभरात प्रकाश कोसळला: जीवाणू मेलेच असं नाही. ऊर्जेवर घाव बसला की क्षपित फ्लेविन संपतं आणि जिवंत पेशीही विझते, औषध उतरलं की पुन्हा चमकते. औषधाच्या चाचणीत किमान दोन वेळांना प्लेटिंग ठेवल्याशिवाय प्रकाशाच्या आकड्यावर निष्कर्ष लिहू नका.

सगळेच उंदीर एका दिवशी फिके: यंत्राकडे बघा. फिल्टर चुकून मध्ये राहिला का, तक्ता थंड होता का, तक्त्याची उंची बदलली का.

शेपटी, पंजे किंवा मुखवट्याभोवती ठिपके: विष्ठा किंवा लघवी. ओल्या कापसाने पुसून पुन्हा चित्र घ्या. प्रत्येक पिंजऱ्यानंतर मुखवटे आणि तक्ता ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पण पेटीत फवारू नका, कापडावर घेऊन पुसा. भिंगावर थेंब उडाला तर पुढची सगळी चित्रं धूसर येतात. वापरलेले कल्चर आणि प्लेट १२१ °से. ला ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. प्राण्यांची शवं जैवसुरक्षेच्या नियमाप्रमाणे जाळायला.

आणि मूळ फाइली जपा. पडद्यावरून उतरवलेल्या रंगीत चित्रात एक्स्पोजर, बिनिंग, कॅलिब्रेशन काहीच उरत नाही. सहा महिन्यांनी कुणी चौकट बदलून आकडा मागितला तर तो फक्त मूळ फाइलमधूनच काढता येतो.